यायराचा वाटा

मी कापड बेतायला घेतलं की दोन बेतते. एक मोठं, एक वीतभर. सेनामचा झगा आणि यायराचा झगा, एकाच ताग्यातून. मोठ्याला खिसा लावला तर छोट्यालाही लावायचा. गिऱ्हाइकं हसतात. "आकू, त्या एवढ्याशा खिशात ती काय ठेवणार गं?" असं विचारतात. मी म्हणते, "तुझी अक्कल. सहज मावेल."

माझ्या जिभेला हाड नाही असं सगळं आन्लोगा गाव म्हणतं. म्हणू दे.

सेनाम आणि यायरा या माझ्या थोरल्या बहिणीच्या, देलाच्या, जुळ्या मुली. यायरा रांगायच्या आतच गेली. मग आमच्यात करतात ते देलाने केलं. लोमेच्या बाजारातून लाकडाची यायरा आणली. तिला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, जेवताना तिची छोटी ताटली मांडायची, आणि सेनामला मिळेल ते सगळं तिलाही द्यायचं. जुळ्यांत डावं-उजवं केलं की गेलेली रुसते आणि राहिलेलीला ओढून नेते. हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. तिला बाहुली म्हणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवते, मग तो कितीही कापड घेऊन आलेला असो.

देला दिवसभर कांद्याच्या वाफ्यांत असायची. सेनामचा बाप मासेमारीला म्हणून किनाऱ्याने दूर गेला तो तिकडचाच झाला. माझं लग्न झालं नाही, म्हणजे मीच होऊ दिलं नाही. त्यामुळे पोर वाढली ती माझ्या शिवणयंत्राच्या पायाशी, चिंध्यांच्या ढिगात. ताप आला की माझ्या कुशीत शिरायची. देला जन्म देऊन मोकळी झाली होती, बाकीचं मी केलं. हे मी तिच्या तोंडावरही म्हटलेलं आहे.

शाळेची शेवटची परीक्षा झाली आणि सेनामच्या डोक्यात लोमे शिरलं. सरहद्दीपलीकडे लोमेत सगळे फ्रेंच बोलतात, आणि तिथे फ्रेंचचं वरचं शिक्षण देणारी एक संस्था आहे. तिथे शाळेचे गुण कोणी विचारत नाही. तिघं जण समोर बसतात आणि तोंडी परीक्षा घेतात. बोलता आलं तर आत, नाही तर घरी. आणि एकदाच बसता येतं.

तिचे फ्रेंचचे आग्बेको मास्तर बदली होऊन उत्तरेकडे निघाले होते. जाताना ते आमच्या दारात थांबले. म्हणाले, "पोरी, शाळेत आपण नुसते पाय भिजवले. तिथे तुला एकदम खोल पाण्यात ढकलतील. पाठांतर कामाचं नाही. रोज ऐक, रोज वाच, आणि रोज कोणाशी तरी मोठ्याने बोल. हवं तर भांड, पण फ्रेंचमध्ये भांड."

"कोणाशी भांडू, सर? इथे कोणाला येतं?"

"ते तू बघ," मास्तर म्हणाले आणि गाडीत बसले. शहाणा माणूस होता, पण जाताना अर्धवट सांगून गेला.

देलाला हे सगळं थेर वाटत होतं. "फ्रेंच शिकून ही कांद्यांना हाका मारणार का?" असं ती रोज जेवताना विचारायची. जागा मिळाली नाही तर लेकीला लावायचा म्हणून विहिरीजवळचा एक वाफा तिने आधीच राखून ठेवला होता. तो वाफा दिसला की सेनाम मान फिरवायची. तिला त्या मातीत आयुष्य काढायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तिला तिथे वाकलेली बघायचं नव्हतं. माझ्या आईची पाठ त्याच वाफ्यांत गेली.

तर पोर कामाला लागली. सकाळी लोमेचा रेडिओ लावायची आणि बातम्या सांगणाऱ्या बाईच्या मागून तेच पुन्हा म्हणायची. कोळणींकडून जुनी लोमेची वर्तमानपत्रं आणायची. त्यांना धुरी दिलेल्या माशांचा वास यायचा, तरी ती नाकाजवळ धरून मोठ्याने वाचायची. शिवणयंत्राची खडखड आणि तिचं फ्रेंच असं आमचं घर दिवसभर वाजत असे.

पण काहीतरी बिनसत होतं. सकाळी पाठ केलेलं दुपारी निम्मंच उरायचं. विसरणं मला माहीत आहे, मीही मापं विसरते. माणूस विसरतं ते इकडचं थोडं, तिकडचं थोडं. हिचं तसं नव्हतं. क्रियापदाची रूपं म्हणायला लागली की मी, तू, तो इथपर्यंत घडाघडा यायचं आणि आम्ही, तुम्ही, ते यांच्या जागी नुसती पोकळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ करायची, पुन्हा निम्मं जायचं. कात्रीने सरळ रेषेत कापावं तसं.

एके दुपारी तिने वर्तमानपत्र भिरकावलं आणि रडायला लागली. "माझं डोकंच फुटकं आहे, मावशी. मी बसतच नाही परीक्षेला."

कापलेलं कापड मला लगेच ओळखू येतं. मी यंत्र थांबवलं आणि विचारलं, "सेनाम, तिचा वाटा दिलास का?"

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणून काय विचारतेस? यायराचा."

"मावशी, शिक्षणाचा कसला वाटा? ते काय मक्याच्या अक्पलेचा गोळा आहे, अर्धा मोडून ताटलीत वाढायला?"

"तुझा शाळेचा गणवेश मी दोनदा शिवला होता ना? मग तो घालून ती कुठे गेली? फळीवर. तू वसतिगृहात राहून शिकलीस आणि ती इतकी वर्षं गणवेश घालून फळीवर बसली. तुझ्या मिशनच्या शाळेतल्या बायांनी तिला दारात येऊ दिलं नाही, आणि आपणही गप्प बसलो. आता ती आपला वाटा आपणच काढून घेतेय."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. डोळे पुसून आतल्या खोलीत गेली, यायराला फळीवरून उतरवलं आणि चटईवर समोर बसवलं.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणानंतर, सगळं गाव आडवं झालेलं असताना, ती यायराला शिकवायला लागली. सकाळी जे जे स्वतः शिकली ते ते तिला. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सगळंच्या सगळं जागेवर. मी खूश झाले. मनात म्हटलं, आकू, तुझं डोकं मास्तरापेक्षा बरं आहे.

माझ्या शिवणाच्या जागेत आणि त्या खोलीत नुसता बोरूचा पडदा आहे, पलीकडचं सगळं ऐकू येतं. आधी एकटी सेनाम बोलायची. मग ती प्रश्न विचारून थांबायला लागली, उत्तर येईपर्यंत कोणी थांबतं तशी. मग थांबणं बंद झालं. प्रश्न, उत्तर, पुन्हा प्रश्न. दोन्हीचा आवाज सेनामचाच. पोर दोन्ही बाजू स्वतःच करतेय, हुशार आहे, असं मी धरून चालले.

फक्त एक गोष्ट खटकत होती. लांबलचक बोलताना सेनाम मध्येच श्वास घेते, लहानपणापासून मी ते ऐकत आलेय. उत्तरं देणारं ते दुसरं बोलणं श्वासासाठी कुठेच थांबत नव्हतं.

शेवटी मी पडदा बाजूला केला. सेनाम चटईवर बसली होती. तिने भोपळ्याचा तुंबा तोंडाला लावला होता आणि घटाघटा पाणी पीत होती. आणि खोलीत फ्रेंच चालूच होतं.

मी पडदा सोडला, यंत्रापाशी आले आणि उगीचच एका सरळ शिवणीवरून दुसरी शिवण मारत बसले.

संध्याकाळी तिला धरलं. "हे काय चाललंय?"

"तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं, मावशी," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "मी कधी वाचले नाहीत ते शब्द सांगते. ती लोमेची ना! तिथल्या बाजारात बसून किती वर्षं ऐकलं असेल तिने."

शनिवारी यायराला न्हाऊ घालायचं काम माझं. एवढ्या वर्षांच्या घासण्याने तिचा चेहरा झिजून गुळगुळीत झाला होता, नाक नुसतं उंचवट्याएवढं, तोंड तर नव्हतंच म्हणा. त्या शनिवारी मी चेहऱ्यावरून हात फिरवला आणि बोटाला कड लागली. ओठ. नुकतेच कोरल्यासारखे, वरचा वेगळा, खालचा वेगळा. मी तेल न लावताच तिला फळीवर ठेवलं.

आणि सेनाम गप्प होत चालली. दुपारी यायरासमोर बोलेल तेवढंच. बाकी वेळ भिंतीला टेकून बसायची. भर उन्हातही तिला घाम येईना. एकदा तिच्या गालावर माशी बसली आणि तिथेच फिरत राहिली. पोरीने ती हाकलली नाही, पापणीही हलवली नाही.

"पुरे झालं हे," मी म्हटलं. "मीच सांगितलं, मीच आता थांब म्हणतेय."

"परीक्षेपर्यंत, मावशी. आता सोडलं तर सगळं जाईल. मग तो वाफा आहेच."

वाफ्याचं नाव काढलं आणि माझं तोंड बंद झालं. तिला ठाऊक होतं मी कुठे गप्प बसते.

परीक्षेच्या दिवशी देला म्हणाली, "यायराला घेऊन जा. दोघींनी अभ्यास केलाय."

"त्या तिघांपुढे लाकूड घेऊन बसू?" सेनाम फटकन म्हणाली. घरात कोणी तो शब्द कधी उच्चारला नव्हता. देलाचा चेहरा पडला. मी सेनामच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि मग तिचा झगा सारखा केला. गाडी आली. खिडकीतून तिने हात हलवला. सरहद्दीवरची आफ्लाओची चौकी ओलांडून ती दहाच्या सुमाराला लोमेत पोचणार होती. देला वाफ्यांवर गेली. घरात मी एकटी, आणि फळीवर ती.

ऊन डोक्यावर आलं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दातांत टाचण्या धरून मी एक बाही जोडत होते, तेवढ्यात आतून हाक आली.

"मावशी!"

आवाज सेनामचा. दिसत नसलेल्याने भर दुपारी हाक मारली तर आमच्यात कोणी ओ देत नाही, पाळण्यातल्या पोराशिवाय हे सगळ्यांना कळतं. मी दातांतल्या टाचण्या घट्ट धरल्या.

"मावशी, मी आहे! मावशी, इकडे बघ!"

मी उठले, पडदा बाजूला केला. खोली रिकामी. यायरा फळीवर, नेहमीसारखी भिंतीला पाठ लावून. पण तिच्या कपाळावर पाणी होतं. पावसाचा थेंब नाही, छताला भोक नाही. मी जवळ गेले तेव्हा एक थेंब तिच्या कानामागून घरंगळला. तो घाम होता. घाम मी ओळखते.

मी ओ दिली नाही. बाहेर जाऊन उन्हात बसले ती गाडी येईपर्यंत.

सेनाम गाडीतून उडी मारून उतरली. "मिळाली जागा! तिघंही उभे राहिले, मावशी! म्हणाले, इतकं सुंदर बोलणारी मुलगी आजवर आली नव्हती!" ती मला घट्ट बिलगली. घामाने भिजलेली होती, गरम होती, तिचं काळीज धडधडत होतं. मला एवढं बरं वाटलं की मी रस्त्यातच रडले.

मग ती जेवायला बसली. अक्पले आणि भेंडीचं कालवण तिने तिसऱ्यांदा मागून घेतलं. मिरचीचा तुकडा चावला आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. ती रडता रडता हसायला लागली आणि आणखी एक तुकडा तोंडात टाकला. सेनामला मिरचीचं कधी काही वाटलं नव्हतं. देला तिच्याकडे एकटक बघत होती आणि वाढत होती.

जेवण झाल्यावर तिने छोटी ताटली उचलली, स्वतः फळीपाशी गेली आणि फार प्रेमाने म्हणाली, "घे, तुझा वाटा."

मी तिला शिवणाच्या खोलीत बोलावलं. म्हटलं, "त्या वरच्या डब्यात काय आहे?"

"बटणं. पिवळी वेगळी, काळी वेगळी. खालच्यात तुझी तपकीर आहे, आईला माहीत नाही."

"शाळेत तुझ्या शेजारच्या खाटेवर कोण झोपायचं?"

तिने बटणांचा डबा उगीच सरळ केला.

"वसतिगृहाच्या विहिरीपाशी पडून तुझा दात तुटला होता, तो कोणी धक्का दिला म्हणून?"

तिने जिभेने दात चाचपून पाहिला. घरातलं सगळं तिला ठाऊक होतं. घराबाहेरचं काहीच ठाऊक नव्हतं.

"यायरा," मी म्हटलं.

"ओ," ती म्हणाली. लपवलं नाही, लाजली नाही. "मी तिला ओढलं नाही, मावशी. शपथ. ती दारातच थांबली. आत तिघं बसले होते आणि तिला एक शब्द आठवेना. ती मनात म्हणाली, यायरा, माझ्याऐवजी तू जा. म्हणून मी गेले."

"बरं केलंस. काम झालं. आता तिची जागा तिला परत दे."

"का?"

"का म्हणजे? ती तिची आहे!"

"सगळं सारखं वाटायचं ना?" ती अगदी हळू बोलत होती, समजूत घालावी तशी. "तूच शिकवलंस. मोठ्याला खिसा तर छोट्यालाही खिसा. तिने अठरा वर्षं चालून घेतलं, खाऊन घेतलं, मिठ्या मारून घेतल्या. मी बघत होते. आता तेवढीच वर्षं माझी. मग पुन्हा तिची. मी एक दिवसही जास्त घेणार नाही."

मला जन्मात कोणी गप्प केलं नव्हतं. त्या पोरीने केलं. कारण तिचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं, आणि मला तिचा गळा दाबावासा वाटत होता.

मी वाफ्याकडे धावले. देला विहिरीपाशी पाणी शेंदत होती. मी धापा टाकत तिला सगळं सांगितलं. तिने बादली खाली ठेवली, कमरेचं कापड सारखं केलं.

"मला सांगतेस?" ती म्हणाली. "गाडीतून तिचा पहिला पाय जमिनीला लागला तेव्हाच मी ओळखलं. मी जन्म दिलाय तिला."

"आणि तरी वाढत बसलीस?"

"मग काय उपाशी ठेवू? आकू, ती अठरा वर्षं फळीवर होती. तेव्हा तू कधी रडलीस? मी रोज रडले."

"पण सेनाम—"

"सेनामला मी रोज न्हाऊ घालीन. तेल लावीन. उपाशी ठेवणार नाही." देलाने पुन्हा दोर हातात घेतला. "दोघी माझ्याच पोटच्या आहेत. मला कोणती एक निवड म्हणून सांगू नकोस."

मी परत आले.

पुढच्या आठवड्यात ती लोमेला गेली. पेटी देलाने डोक्यावर घेतली, हसत हसत, सगळ्या गल्लीला सांगत. सेनामसाठी शिवलेला निळा झगा तिला अगदी बरोबर बसला होता. निघताना ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "मावशी, तिच्याशी बोलत जा. तू कापड कापताना एकटीच बडबडायचीस ना, ते मला फार बरं वाटायचं. आणि तिला फ्रेंच ऐकव. तिची पाळी येईल तेव्हा विसरलेली नको." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट मुलगी नाही ती. वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

अठरा वर्षांनी ती येईल, शब्दाची पक्की आहे. मी तेव्हा असेन का, हे मला कोणी विचारलं नाही.

आता मी फळी यंत्रासमोर आणून ठोकली आहे. दुपारी हाक येते. मी टाचण्या बाजूला ठेवते आणि पहिल्याच हाकेला ओ देते, बाहेर कोणी ऐकलं तरी. ऐकणारे म्हणतात, म्हातारी दुपारच्या हाकेला ओ देते, हिचं आता काही खरं नाही. पुढे ती काय बोलते ते मला कळत नाही, कारण बहुतेक ती फ्रेंचमध्येच बोलते. अभ्यास करतेय. तिला अजून परीक्षेची भीती वाटते.

देला म्हणते, दोघी सुखात आहेत, तू उगाच झुरतेस. तिचं काही चूक नाही. तिला दोन मुली आहेत. मला एकच होती.